मे महिन्यात सायकलवर ठाणे ते इगतपुरी आणि परत : उन्हाशी कसं जमवायचं

खरं सांगायचं तर मेमध्ये दोनशे किलोमीटर सायकल चालवायची काही गरज नसते, त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोकळा पडलाय. पण सुट्टी मेमध्येच मिळते, किंवा पुढच्या मोठ्या राइडची तयारी करायची असते, किंवा ग्रुपवर कोणीतरी रात्री अकराला "चला रे इगतपुरी" टाकतं आणि झोपायच्या आत सात जण हो म्हणून मोकळे. तर जायचंच असेल तर नीट जा, म्हणून हे लिहितोय. उदाहरणाला ठाणे ते इगतपुरी घेतलंय, एका बाजूने साधारण शंभर किलोमीटर, वाटेत कसारा घाट. नवी मुंबईवाल्यांनी ऐरोलीमार्गे येऊन हाच रस्ता धरावा, किंवा पनवेल-कर्नाळा-पेण-अलिबाग केलं तरी हिशोब तोच.

आणि हिशोब सगळा घड्याळाचा आहे. किती किलोमीटर झाले हे उन्हाळ्यात दुय्यम, सकाळी अकरा वाजता तुम्ही कुठे असणार आणि डोक्यावर काय असणार हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्या पाठीमागे बाकीचं सगळं लावत जायचं.

आपलं ऊन कसलं आहे

ठाण्यात पारा ३६ दाखवतो आणि विदर्भातला मित्र हसतो, आमच्याकडे ४४ असतं म्हणून. त्याला हसू द्या. आपल्याकडे हवेत दमटपणा असतो आणि घामाने अंग गार होतं ते घाम वाळला तरच, नुसता गळून हँडलवर टपकला तर काही उपयोग नाही. सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलला जाते, बाकी सगळी उष्णता, आणि ती बाहेर टाकायला हवा जर आधीच ओली असेल तर ती आतच साठत राहते.

हवामान खात्याचा निकषसुद्धा म्हणूनच वेगळा आहे, मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान ४० लागतं, किनारपट्टीला ३७ला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की म्हणतात. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता आणि ती माणसं बसलेली होती, व्यायाम करत नव्हती. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दुसरी गोष्ट, भिवंडी ओलांडली की हवा बदलते. ठाण्याला, वाशीला दुपारी खाडीवरून, समुद्रावरून वारा येतो आणि पारा तिथेच अडतो. शहापूर, मुरबाड, कर्जत या पट्ट्यात तो पोचेपर्यंत त्याच्यात जीव उरत नाही, म्हणून तिकडे तीन-चार वाजेपर्यंत तापतच राहतं. रायगडातल्या भिऱ्याला मार्च २०१७मध्ये ४६.५ नोंदलं होतं, कोकणात! ज्या दिवशी पूर्वेकडचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो तो दिवस आपल्यासाठी सगळ्यात वाईट, म्हणजे सकाळी दहालाच जर कोरडी गरम झुळूक पूर्वेकडून येत असेल तर समजून जा आज काय होणार आहे.

दोन आठवडे आधी : अंगाला सवय

एसीत बसून काम, एसी कारने येणं-जाणं आणि रविवारी डायरेक्ट शंभर किलोमीटर, असं मेमध्ये करू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात, रोज तासभर ते दीड तास उकाड्यात हलका व्यायाम झाला पाहिजे. मग घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सवय मोडतेही तशीच, दोन-तीन आठवडे एसीत काढले की परत पहिल्यापासून.

रोज कसं जमवायचं? नवी मुंबईत संध्याकाळी पाचच्या सुमारास पाम बीच रोडला एक-दोन चकरा, तिथे सावली नावाला नाही आणि डांबर दिवसभर तापलेलं असतं, म्हणजे प्रॅक्टिसला उत्तम. ठाण्यात उपवनवरून येऊरचा चढ आहे पण तिथे झाडं आहेत त्यामुळे पाय तयार होतात, ऊन अंगवळणी पडत नाही. दोन्ही आलटून पालटून करा. भर दुपारी एकला हिरोगिरी करायची गरज नाही, पहिले चार दिवस तर अजिबात नाही.

याच दिवसांत एक छोटी टेस्ट करून घ्या, बरेच जण कंटाळा करतात पण सगळ्यात कामाची हीच. राइडच्या आधी कपडे काढून वजन, बरोबर एक तास सायकल, घाम पुसून परत वजन. समजा ७० किलो होतं, ६९.२ झालं आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात, म्हणजे तासाला १.३ लिटर घाम गेला. (मधे लघवीला जाऊन आलात तर हिशोब चुकतो, टेस्ट परत करा.) कोणाचा ७०० मिली जातो, कोणाचा दीड लिटर, त्यामुळे मित्र किती पितो ते बघून प्यायचं नाही.

पाणी आणि मीठ

जेवढा घाम गेला तेवढं सगळं पाणी चालता चालता भरून काढता येत नाही, पोट घेत नाही. तासाला ५०० ते ७५० मिली हे बहुतेकांना झेपतं, थोडी तूट राहते ती दुपारच्या मुक्कामाला भरायची. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त तूट पडू द्यायची नाही, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण १.४ लिटर. त्याच्यापुढे पाय जड होतात, डोकं दुखतं, चिडचिड सुरू होते.

नुसतं पाणी ढोसत राहणं हासुद्धा धोकाच आहे. घामातून मीठ गेलं आणि वरून फक्त साधं पाणी ओतत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मग मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, आणि वाईटात वाईट म्हणजे माणूस गोंधळायला लागतो, आणि बाकीचे त्याला "पाणी पी, पाणी पी" करत अजून पाणी पाजतात. राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, एवढं साधं आहे ते.

माझं गणित असं, एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-साखर-मीठ. एक लिटरला सपाट पाव चमचा (इथे सगळीकडे चमचा म्हणजे चहाचा) मीठ घातलं की साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम होतं, चालवताना पिण्यासाठी हे ठीक. साखर तीन-चार चमचे, चवीला कोकम आगळ घातलं तर फारच छान, पण आगळात आधीच मीठ असतं हे विसरू नका. मेडिकलमध्ये मिळतं ते डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएस जास्त खारट असतं, ते दर तासाला प्यायचं नाही, कोणाला गोळे येतायत किंवा फार घाम गेलाय तेव्हा काढायचं, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, बाटली ७५० मिलीची आहे म्हणून त्यात कोंबायचं नाही. पाकीट संपलं तर घरगुती प्रमाण : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस म्हणून उचलू नका, मागचं लेबल वाचा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

शहाळ्याबद्दल लोकांची फार श्रद्धा आहे. चांगलंच आहे ते, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून बरोबर खारे शेंगदाणे खा. ताडगोळे दिसले तर थांबा, गार वाटतं, पोटाला हलके, मेमध्ये हायवेच्या कडेला टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. उसाचा रस प्यायचा तर बर्फाशिवाय. बर्फावरून आठवलं, २०१८पासून महाराष्ट्रात खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो निळसर बर्फ मिळाला तर मानेवर ठेवायला वापरा, ग्लासात नको.

कपडे आणि अंगाला लावायचं

पूर्ण बाह्यांची, फिकट रंगाची, पातळ जर्सी. उघडे हात गार वाटतात पण ते वाऱ्यामुळे, ऊन सरळ चामडीवर बसतं. अर्ध्या बाह्यांचीच असेल तर पांढरे आर्म स्लीव्ह घाला आणि ते ओले करत राहा. हेल्मेटच्या आत पातळ कापडी टोपी, घाम डोळ्यात उतरत नाही. मानेला पंचा, सुती, भिजवून. हेडफोन विसरा पण पंचा विसरू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०चं, दर दोन तासांनी परत, कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. मांडीच्या जागी व्हॅसलिन किंवा क्रीम सढळ हाताने, कारण दिवसभर ओली राहिलेली चड्डी किती सोलवटून काढते ते एकदा झाल्याशिवाय कळत नाही. पाय उन्हात सुजतात, बुटाचा पट्टा सकाळी थोडा सैलच ठेवा.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे आजीपासून चालत आलंय. ठेवा, पण दुपारच्या जेवणाला तो फोडून खा, तेवढाच त्याचा उपयोग.

सायकल

इथे फार काही नाही. सावलीत २५ अंशाला हवा भरली आणि टायर ५० अंशापर्यंत तापला तरी प्रेशर नऊ-दहा टक्केच वाढतं, त्यामुळे नीट भरलेला चांगला टायर नुसत्या उन्हाने फुटत नाही. फुटतो तो जुना, साइडवॉलला चिरा गेलेला किंवा काठोकाठ भरलेला. लिहिलेल्या मॅक्सिममच्या थोडं खालीच ठेवा. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यालाच घासून थांबवणारे) असतील तर घाट उतरताना सतत दाबून धरू नका, रिम तापते, मधे मधे सोडून दाबा. पंक्चरचं सोल्युशन एकदा उघडलेलं असेल तर नवीन घ्या, ते उन्हाळ्यात ट्यूबमध्येच वाळून जातं आणि आपल्याला कळतं ते रस्त्याच्या कडेला. मोबाइल हँडलवर उन्हात लावून ठेवला तर स्क्रीन मंद होते, चार्जिंग बंद पडतं, म्हणून खिशात ठेवा, रस्ता सरळ आहे. पॉवर बँकही उन्हात नको. निघणार काळोखात, येणार काळोखात, तेव्हा पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घ्यायचंच.

कधी जायचंच नाही

आदल्या दोन दिवसांत ताप, जुलाब, उलट्या झाल्या असतील तर घरी बसा. रात्री दारू झाली असेल तर घरी बसा. चार तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तरी. सर्दीच्या काही गोळ्या आणि बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हात त्रास देतात, चालू असतील तर डॉक्टरांशी बोला. पाय दुखू नयेत म्हणून आधीच आयब्युप्रोफेन घेऊन निघणारे लोक मी बघितलेत, पाणी कमी झालेल्या शरीरात ती किडनीला त्रास देते, नका घेऊ. आणि हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला उष्णतेचा ऑरेंज अलर्ट दिला असेल तर राइड पुढे ढकला, इगतपुरी कुठे जात नाही.

राइडचा दिवस

आदल्या रात्री जेवण साधं, वरण-भात, थोडं लोणचं, पाणी व्यवस्थित. एक बाटली अर्धी भरून आडवी फ्रीजरमध्ये, सकाळी वरून पाणी भरायचं. बाटलीवर जुना पायमोजा चढवून तो ओला ठेवला की माठासारखं पाणी गार राहतं, ठाण्याच्या दमट हवेत फारसं जमत नाही पण कसाऱ्यापुढे हवा कोरडी होते तिथे खरंच फरक पडतो.

पहाटे ३:३०ला तीन हात नाका. हो, साडेतीन. पाचला निघून चालणार नाही, कारण मग घाट दहा-साडेदहाला लागतो. निघायच्या आधी एक केळं, चहा, पाव लिटर पाणी. माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजनोली नाका, हा पट्टा पहाटे ट्रकांचा असतो, भिवंडीची गोदामं आहेत आणि गर्दीच्या वेळेला शहरात बंदी असल्यामुळे अवजड गाड्या रात्रीच धावून घेतात. कितीतरी वर्षं रुंदीकरणाची खोदाखोद इथे बघितलीय, त्यामुळे कडेला खडी, धूळ, मधेच डायव्हर्जन काहीही असू शकतं. एका रांगेत, डावीकडे, तोंडाला पंचा. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला येऊन मिळतो, त्याच्यावर आपल्याला बंदी आहे, चुकून वळू नका, आपला नाशिक हायवेच.

पडघ्याला साधारण पाच वाजतात. थांबायचा मोह होतो, पाच मिनिटांच्या वर थांबू नका. ही गार हवा, जेवढी काय असेल तेवढी, दिवसभरात परत मिळणार नाहीये. पण म्हणून जोरही लावायचा नाही! हे दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे थांबणं कमी आणि वेग मध्यम. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत धाप लागत असेल तर गिअर कमी करा. हार्ट रेट बघत असाल तर उकाड्यात त्याच मेहनतीला तो दहा-पंधराने जास्त दिसतो, तेव्हा जानेवारीतला वेग धरून बसू नका, ठोके धरून बसा.

सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तोपर्यंत वासिंद-आसनगाव. शहापूरला साडेसहा-पावणेसात, इथे पहिला खरा थांबा. पोहे, उपमा, इडली असलं काहीतरी, चहा घेतला तरी चालतो. मिसळ नको, वडापाव एकच. बाटल्या भरून घ्या. आणि इथे एक सांगायचंय. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबई-ठाण्याला पाणी पाजणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या गावापाड्यांत मेमध्ये टँकर येतो. रस्त्यालगतच्या पाड्यावर एखाद्या काकूने हंड्यातलं पाणी दिलं तर ते प्या, "काकू, येऊ का" म्हणून निघा, ते डोक्यावर ओतू नका. डोक्यावर ओतायचं पाणी धाब्यावरून, पंपावरून भरून घ्यायचं.

शहापूर ते कसारा हा खरा परीक्षेचा भाग, आटगाव, खर्डी, सतत हलका चढ, दिसत नाही पण पायाला कळतो, आणि साडेसातनंतर ऊन समोरून उजव्या गालावर. सकाळी वारा पाठीमागून असेल तर बरं वाटतं खरं, पण वारा आणि तुमचा वेग सारखा झाला की अंगाला वारा लागतच नाही आणि घाम वाळत नाही, अशा वेळी नकळत जास्त तापायला होतं. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो न लागो, आणि दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकायचं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खारे शेंगदाणे, अर्धं केळं. उन्हात भूक मरते म्हणून लोक खात नाहीत आणि मग घाटात बसतात.

कसारा, साडेआठ. इथे निर्णय घ्यायचा आणि तो घरून निघतानाच ठरवलेला असला पाहिजे : साडेनऊच्या आत कसारा सोडता आलं नाही तर घाट नाही. पंक्चर झालं, कोणी मागे राहिलं, काही असो. कसाऱ्यालाच सावली बघून बसा किंवा स्टेशनवर लगेजची चौकशी करून लोकलच्या लगेज डब्यातून ठाणे गाठा, त्यात कमीपणा काही नाही. हे आधी का ठरवायचं तर तापलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय कायम "चल रे, आलोच आहोत तर" असाच असतो.

घाट. कसारा साधारण ३०० मीटरवर, इगतपुरी ६००च्या आसपास, म्हणजे चढ काही सह्याद्रीतला सगळ्यात अवघड नाही. पण वीसच्या वेगाला जो वारा अंगाला लागत होता तो सातच्या वेगाला बंद होतो, शेजारून पहिल्या गिअरमध्ये कण्हत ट्रक जातात त्यांच्या इंजिनाची धग येते आणि कातळ तापायला लागलेला असतो. म्हणून घाट लागायच्या आधी पंचा, टोपी, जर्सी, आर्म स्लीव्ह सगळं पाणी ओतून चिंब करा. सगळ्यात हलका गिअर, बसूनच चढवा, उभं राहिलात की ठोके वाढतात. वळणावर सावली मिळाली की दोन मिनिटं उभे राहा, परत भिजवा. हातात धरून चढवली तरी चालतंय, कोणी मार्क देत नाहीये. करवंदं विकणारी पोरं दिसतील, द्रोण घ्या. वर घाटनदेवीच्या देवळाशी आलात की झालं, सावली आहे, दर्शन घ्या, टेका.

इगतपुरीला दहाच्या आसपास. आता सायकल बंद, साडेचारपर्यंत. सगळ्यांना हेच जड जातं, साडेसहा तास करायचं काय! झोपायचं. आधीच एखादं साधं लॉज सांगून ठेवा, चार-पाच जणांत वाटून घेतलं तर परवडतं. अंघोळ, कोरडे कपडे, पंखा. पहिल्या तासाभरात सकाळची तूट भरून काढा, ताक मीठ घालून, थोडं थोडं, एका दमात लिटरभर नको. जेवण दही-भात, खिचडी, पिठलं-भाकरी. तेलकट थाळी आणि वर आइस्क्रीम हाणलं की संध्याकाळी पोट सायकलवर बसू देत नाही. लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा हवा, गडद असेल तर पाणी अजून कमी आहे. आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला बारा नाही, साडेबारा उलटून जातात आणि मेच्या मध्याला तो इतका डोक्यावर येतो की सावली पायाखाली नाहीशी होते. खरा उकाडा त्याच्याही नंतर दोन-तीन तास. तेव्हा दोन वाजता "ढग आलेत बहुतेक, निघूया" म्हणणाऱ्याला गप्प बसवा.

ज्यांनी बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) केलेत ते म्हणतील की २०० किलोमीटरला साडेतेराच तास मिळतात, हा प्लॅन तर अठराच्या वर जातो. बरोबर आहे. हा बीआरएम नाहीये.

साडेचार-पावणेपाचला निघा. घाट उतरताना ब्रेक मघाशी सांगितलं तसे, आणि खाली कसाऱ्याला आलात की हवा एकदम जड लागते, दोन-तीन अंश जास्त आणि वर दमटपणा, तेव्हा पहिले दहा किलोमीटर हळू. परतीला समोरून पश्चिमेचा वारा असतो, वेग मरतो, शिव्या येतात, पण अंग गार राहतं ते त्याच्यामुळेच, म्हणून त्याच्याशी झटापट न करता खाली वाकून आळीपाळीने पुढे राहा. सूर्य डोळ्यात, गॉगल लावा, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यात तोच सूर्य आहे, त्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून मागचा लाइट पाचपासूनच चालू. सातला शहापूर, चहा, काहीतरी खारट. दहापर्यंत ठाणे.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं

आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून जोड्या लावा. एका राइडला आटगावच्या अलीकडे सोबतच्या एकाला विचारलं, "काय रे, वासिंद कधी गेलं?" तो म्हणाला "कुठलं वासिंद?" आणि हसला. मस्करी वाटली. परत विचारलं तर बाटली उलटी धरून झाकण शोधत होता. तिथेच थांबवला, एका बंद टपरीच्या ओसरीत आडवा केला, जर्सी काढली, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या आणि दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला. दहाएक मिनिटांत डोळे ताळ्यावर आले आणि पहिलं वाक्य "अरे माझं पाणी का सांडताय". त्याची राइड तिथेच संपली, रिक्षात घालून शहापूरला डॉक्टरला दाखवून मग घरी.

तर असं विचारत राहा, आत्ता कुठलं गाव गेलं, आज वार काय, असले सोपे प्रश्न. उत्तर उशिरा किंवा भलतंच आलं तर थांबा. डोकेदुखी, मळमळ, भोवळ, पोटऱ्यांना गोळे, भर उन्हात अंगावर शहारा, ही आधीची पायरी. सावलीत झोपवा, पाय उंच, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट, अंग ओलं. तासाभरात पूर्ण बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे चालवायचं नाही.

माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, झटके येतायत, बेशुद्ध होतोय, तर तो उष्माघात. अंग कोरडंच असलं पाहिजे असं नाही, सायकल चालवणाऱ्याचं घामाने निथळत असू शकतं, तेवढ्यावर फसू नका. आतलं तापमान ४०च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. १०८ला फोन लावा आणि गाडी यायची वाट न बघता तिथल्या तिथे गार करायला सुरुवात करा. जवळ पाण्याची टाकी, हौद, टब असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात. नसेल तर पाईप, बादल्या, जे मिळेल ते, सतत पाणी आणि सतत वारा, काखेत, जांघेत, मानेला बर्फ. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल. क्रोसिन वगैरे देऊ नका, हा ताप त्या गोळीचा नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, इगतपुरीला ग्रामीण रुग्णालय. हायवेवर काही झालं तर १०३३ हा हायवे हेल्पलाइनचा नंबरही सेव्ह असू द्या.

घरी आल्यावर

वजन करा. जेवढे किलो कमी त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, पण झोपेपर्यंत पसरून आणि जेवणासोबत, म्हणजे मीठ आपोआप जातं. बटाट्याची भाजी, आमटी-भात, पापड, काहीही. अंघोळ साध्या पाण्याने. दुसऱ्या दिवशी पाय दुखणारच, पण लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा, स्नायू तुटून किडनीवर ताण आलेला असू शकतो. पुढचे दोन-तीन दिवस उन्हात व्यायाम नको. हेल्मेटचे पॅड, पट्टे आणि हँडलची टेप साध्या पाण्याने धुवा, घामाच्या मिठाने बोल्ट गंजतात, विशेषतः स्टेमचे (हँडल सायकलला जोडणारा भाग), ते पुसून तेलाचा एक थेंब सोडा.